डावीकडे जायचंय? मग उजवीकडे वळा

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात डावीकडे वळायचं असेल तर आधी उजवीकडे वळावं लागतं. छापताना चूक झालेली नाही, हवं तर पुन्हा वाचा. मोठ्या रस्त्यावरून डावीकडे जायचंय? मग चौकात डावीकडे तोंडसुद्धा करायचं नाही. उजव्या कडेला एक वळसा काढून ठेवलेला असतो. त्यात शिरायचं, गोल फिरून आडव्या रस्त्याला यायचं, सिग्नलला थांबायचं आणि ज्या मोठ्या रस्त्यावरून आलो तोच ओलांडून सरळ जायचं. झालं डावीकडे. या वळशाला तिथे 'जगहँडल' म्हणतात. जग म्हणजे पाण्याचा जग. त्याला असतो तसा रस्त्याला कान. मला पहिल्यांदा ऐकताना 'जग' हा शब्द मराठीच वाटला. म्हटलं बरोबर आहे, अख्ख्या जगाचा कान धरल्याशिवाय या देशात कोणाला डावीकडे जाता येत नसणार.

आमची मुलगी आणि जावई तिथे एडिसनला राहतात. एडिसन म्हणजे बल्बवाल्या एडिसनच्या नावाचंच गाव, त्याची प्रयोगशाळा याच भागात होती. आता तिथल्या ओक ट्री रोडवर कांदेपोहे मिळतात, साबुदाणा मिळतो, देवासाठी कापूर मिळतो. मिळत नाही तो रस्ता. पहिल्याच रविवारी मी गाडीची किल्ली मागितली. जावईबापू गप्प झाले. सासऱ्याला 'नाही' म्हणायची सोय आपल्या संस्कृतीत नाही आणि 'हो' म्हणायची हिंमत त्यांच्या विम्यात नव्हती. शेवटी ते शेजारी बसले, मुलगी मागे बसली आणि मी, मलकापुरात पस्तीस वर्षं कापसाच्या ट्रकांमागे गाडी चालवलेला माणूस, एक नंबरच्या रस्त्याला लागलो.

चौक आला. मला डावीकडे जायचं होतं. मी आपला सरळमार्गी माणूस, डाव्या कडेला जाऊन उभा राहिलो. इंडिकेटर द्यायला गेलो तर भर उन्हात वायपर सुरू झाले. वर पाटी होती : सगळी वळणं उजव्या लेनमधून. पाटी अगदी खरं बोलत होती, शब्दही सोपे होते. पण डावीकडे जायला उजवीकडची लेन सांगणारी पाटी कोण मनावर घेईल? मला वाटलं, कुणीतरी उलटी लावली असेल. आमच्याकडे लागतात तशा.

मागे पाच-सहा गाड्या थांबल्या. एकानंही हॉर्न वाजवला नाही. त्या शांततेनं मला जो घाम फुटला तो मे महिन्यात नांदुऱ्याच्या फाटकावर फुटला नव्हता. आमच्याकडे मागचा हॉर्न वाजवतो म्हणजे तुम्ही जिवंत आहात याची पोच देतो. तिथे मागचे सगळे लोक काचेआडून आपल्याकडे दवाखान्यात पेशंटकडे बघावं तसे बघत होते.

"बाबा, पाटी वाचली नाही का?" मागून मुलगी.

वाचली होती. पटली नव्हती.

आता तुम्ही विचाराल की या गृहस्थाला गाडी चालवायचा परवाना दिला कोणी? आपल्याच सरकारनं. आंतरराष्ट्रीय परवाना नावाची एक चीज असते. अर्ज क्रमांक ४-अ, हजार रुपये फी, मुदत एक वर्ष. परीक्षा नाही. तुम्हाला इथे गाडी येते ना, मग तिथे येईलच, असा सगळा विश्वासाचा मामला. त्याच्या मुळाशी १९४९ चा जीनिव्हाचा करार आहे. एकमेकांचे परवाने मानायचे, असं त्यात देशांनी ठरवलं. परवाने मानायचे हे ठरलं, चौक मानायचे की नाही हे राहून गेलं.

तो परवाना काढायला मी मलकापूरहून निघून, मोताळा ओलांडून, राजूर घाट चढून जिल्ह्याच्या गावी गेलो. आमचा जिल्हा दोन मजली आहे, घाटावरचा आणि घाटाखालचा. कचेऱ्या वरच्या मजल्यावर, आम्ही खालच्या. तर त्या पंचेचाळीस-एक किलोमीटरच्या वाटेत मी सहज पाट्या मोजत गेलो. कुठे 'बुलडाणा' होतं, कुठे 'बुलढाणा'. इंग्रजीत एके ठिकाणी एच होता, पुढच्या पाटीवर गळला होता. जिल्ह्याच्या गावाचं नाव नक्की काय, यावर पाट्यांचं एकमत होत नाही, आणि तिथेच जाऊन मी शिक्का मारून आणला की हा माणूस जगातल्या कुठल्याही पाटीला घाबरणार नाही.

कागदावर तर गंमत आणखी मोठी आहे. १९६८ साली व्हिएन्नाला रस्त्यावरच्या खुणांचाही एक करार झाला. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे सावध राहा, लाल कडेचं वर्तुळ म्हणजे मनाई, निळं वर्तुळ म्हणजे असंच करायचं, वगैरे. भारत त्या करारात आहे. अमेरिका नाही. म्हणजे कायद्यानं पाहिलं तर मलकापूर आणि पॅरिस हे एका भाषेतले सख्खे भाऊ, आणि न्यू जर्सी तेवढं परकं. अमेरिकेत त्रिकोणाच्या जागी पिवळी शंकरपाळी असते. कोपऱ्यावर उभी केलेली, चांगली मोठी, खुसखुशीत दिसणारी. तिच्यावर कधी चित्र, बरेचदा नुसते शब्द. अमेरिकन माणसाचा चित्रापेक्षा वाचनावर विश्वास. ताशी साठ मैलांवर वाचन, तेही तुटक इंग्रजीत.

असलं एक तुटक इंग्रजी मी आयुष्यात विसरणार नाही. रस्त्यावरच रंगवलेलं होतं : 'पेड झिंग'. मी दोन चौक विचार करत गेलो. झिंग ठाऊक होती. पैसे मोजून आलेली झिंगही, ऐकीव का होईना, ठाऊक होती. पण सरकार ती रस्त्यावर का रंगवतंय? जावयांनी हळूच सांगितलं की 'पेड' म्हणजे पेडेस्ट्रियन, पादचारी. आणि इंग्रजी एक्स म्हणजे क्रॉस, म्हणून 'क्रॉसिंग'. पादचारी इथून रस्ता ओलांडतात. मी आजूबाजूला पाहिलं. मैलभर एकही पादचारी नव्हता. ज्या देशात कोणी चालत नाही त्या देशात चालणाऱ्यासाठी पाटी, आणि आमच्या बस स्टँडसमोर, जिथे दिवसभर माणसांचा लोंढा वाहतो, तिथे झेब्र्याचे पट्टे पहिल्याच पावसात धुऊन जातात. झेब्रासुद्धा आमच्याकडे स्थायिक व्हायला तयार नाही.

चारही बाजूंनी 'थांबा' असलेला चौक हा आणखी एक प्रकार. सिग्नल नाही, पोलीस नाही, चारी कोपऱ्यांवर लाल अष्टकोनी पाट्या. प्रत्येकानं थांबायचं. जो आधी थांबला तो आधी जाणार. म्हणजे तुम्ही थांबायचं, इतर तिघे कधी थांबले हे डोक्यात ठेवायचं, आपला नंबर लावायचा आणि निघायचं. हे मी ऐकलं तेव्हा मला आपल्या रेशनच्या दुकानाची आठवण झाली. तिथे निदान पिशवी ठेवून नंबर लावता येतो. मलकापुरात असा चौक केला तर काय होईल? चौघेही थांबणार नाहीत, आणि चुकून एखादा थांबलाच तर बाकीचे तिघे उतरून त्याला विचारतील, "काय झालं भाऊ, गाडी बंद पडली काय?"

पण तिथली एक गोष्ट मनापासून आवडली. पिवळी शाळेची बस थांबली की तिच्या अंगातून एक लाल पाटी हातासारखी बाहेर येते, आणि मागचे तर थांबतातच, समोरून येणारेही थांबतात. मध्ये दुभाजक नसेल तर अख्खा रस्ता थांबतो. एक सहा-सात वर्षांचं पोर दप्तर ओढत उतरतं, घराच्या दारात जातं, आणि मग जग पुढे सरकतं. आमच्या एसटीनं घोषणा केली होती, 'हात दाखवा, एसटी थांबवा'. तिथे बसच हात दाखवते आणि गाव थांबतं. तो हात पाहून मी इतका भारावलो की बस निघून गेल्यावरही थांबूनच राहिलो. या वेळी मात्र मागच्यानं हॉर्न दिला. बरं वाटलं.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे पेट्रोल पंप. अमेरिकेत सगळीकडे आपलं पेट्रोल आपण भरायचं. न्यू जर्सीत मात्र १९४९ पासून कायद्यानं मनाई आहे. माणूस येतो, नळी लावतो, पैसे घेतो. त्या अख्ख्या राज्यात रस्ता विचारायला मला सापडलेला तो एकमेव माणूस. मी दर दोन दिवसांनी टाकी भरायला जायचो. मुलीला वाटायचं बाबा फार फिरतात. मी फिरत नव्हतो, चौकशी करत होतो.

कारण खरं दुखणं तिथे होतं. पाट्या कळत नव्हत्या असं नाही. पाटीशिवाय विचारायला कोणी नव्हतं. त्या राज्यातल्या टर्नपाइक नावाच्या मोठ्या टोल रस्त्यावर एके ठिकाणी रस्ता एकाच दिशेला दोन भागांत फुटतो. एकावर लिहिलंय 'फक्त कार', दुसऱ्यावर 'कार, ट्रक, बस'. दोन्ही एकाच बाजूला, शेजारी-शेजारी, एकाच गावांना जातात. आता मी कारवाला. पहिल्यात जाऊ की दुसऱ्यात? 'फक्त कार' म्हटलं की वाटतं इथेच गेलं पाहिजे. पण मग दुसऱ्यावर कारचं नाव का? माझ्यासाठी दोन रस्ते आणि ट्रकवाल्याला एकच, म्हणजे माझ्याकडून काहीतरी चूक होणार याची व्यवस्था केलेली दिसते. ताशी साठ मैल वेग, निर्णयाला चार सेकंद. मलकापुरात मी बाजूला घेतली असती, काच खाली केली असती आणि टपरीवरच्या माणसाला विचारलं असतं. त्यानं तंबाखू मळता मळता सांगितलं असतं, "कोणत्याबी रस्त्यानं जा ना भाऊ, तिथंच जाते." हे एक वाक्य अमेरिकेनं एवढे कोट्यवधी डॉलर खर्चून कुठेही लिहिलेलं नाही.

परत आल्यावर मी या विषयाचा जरा छडा लावला आणि एक गोष्ट ध्यानात आली. पाटी लिहिणाऱ्याला रस्ता ठाऊक असतो. गोची तिथेच आहे. ज्याला रस्ता ठाऊक आहे त्याला कळेल अशीच पाटी तो लिहितो.

फ्रान्सचं बघा. तिथल्या गावांच्या चौकात एका बाणावर लिहिलेलं असतं 'सर्व दिशा' आणि दुसऱ्या बाणावर 'इतर दिशा'. डावीकडे सर्व, उजवीकडे इतर. सर्वांमध्ये इतर येत नाहीत काय? आणि सर्व गेल्यावर इतर उरतात कसे? आपल्याकडच्या एखाद्या शास्त्रीबुवांना त्या चौकात उभं केलं तर आयुष्य तिथेच काढतील. गावातल्याला मात्र त्यात काही नवल नाही. त्याला माहीत असतं की पाटीवर ज्यांची नावं आहेत ती गावं सोडून बाकी कुठेही जायचं तर 'इतर'.

इंग्लंडात स्विंडन नावाच्या गावी १९७२ पासून एक चौक आहे. एका मोठ्या गोलाभोवती पाच छोटे गोल. बाहेरच्या गोलांना नेहमीसारखं घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरायचं आणि मधल्याला उलटं. त्याला लोक 'जादूचा गोल' म्हणतात. पाटीवरचं त्याचं चित्र पाहिलं तर दिवाळीत नवशिक्या सुनेनं काढलेली ठिपक्यांची रांगोळी वाटते. आणि तरी म्हणे तिथली वाहतूक छान चालते. चालणारच. रोज जाणाऱ्याला ठिपके पाठ आहेत.

पण माझा सर्वात लाडका किस्सा वेल्सचा. स्वानसी गावच्या पालिकेला २००८ साली एका रस्त्यावर पाटी लावायची होती : अवजड वाहनांना प्रवेश नाही. तिथे इंग्रजीखाली वेल्श भाषेत लिहावं लागतं. म्हणून इंग्रजी मजकूर भाषांतरकाराला ई-मेलनं पाठवला. लगेच वेल्शमध्ये उत्तर आलं. उत्तर आलं तसं पाटीवर रंगवलं, खांब रोवला, पाटी उभी राहिली. वेल्श जाणणाऱ्यांनी वाचलं तर त्यावर लिहिलं होतं : मी सध्या कार्यालयात नाही, भाषांतराचं काम असल्यास पाठवून द्या. रजेवर गेलेल्या माणसाचं आपोआप जाणारं उत्तर! पाटी अर्थातच काढावी लागली. कारण तिथे ती वाचणारी माणसं निघाली.

इथे मला आपल्याबद्दल शंका येते. आपल्या एखाद्या पाटीवर 'साहेब मिटिंगला गेले आहेत' असं रंगवलं तर ती किती वर्षं टिकेल? माझा अंदाज, गंज लागेपर्यंत. आपल्याकडे चुकीची पाटी काढावी लागत नाही, कारण ती कुणाला चुकवतच नाही. जो वाचत नाही तो चुकत नाही. पाटीनं एवढा निवांत संसार जगात दुसरीकडे कुठे केला नसेल.

आता घरचं सांगतो. आमच्या गावाला लागून जाणारा महामार्ग. याला आम्ही 'सहा नंबर' म्हणतो. वडील म्हणायचे, आम्ही म्हणतो, आमची नातवंडंही म्हणतील. सरकारनं २०१० साली देशभरच्या महामार्गांचे नंबर बदलले आणि याचा ५३ केला. सहा नंबर हजिऱ्याहून कोलकात्याला जायचा, त्रेपन्न हजिऱ्याहून पारादीपला जातो. म्हणजे रस्त्याचं पलीकडचं टोक बंगालातून उचलून ओडिशात ठेवलं आणि मलकापुरात कुणाच्या चहाचा कपसुद्धा हलला नाही. नव्या नंबरांत शिस्त आहे म्हणे : पूर्व-पश्चिम जाणारे विषम, उत्तर-दक्षिण जाणारे सम. अमेरिकेतही अशीच शिस्त आहे, फक्त नेमकी उलटी. तिथे विषम आकडा दिसला की रस्ता उत्तर-दक्षिण. तिथल्या हिशेबानं आमचा ५३ धरून निघालो तर अकोल्याऐवजी बर्फात पोहोचू.

याच रस्त्याच्या कामाचं नाव सरकारी कागदावर 'अमरावती ते चिखली' असं होतं. आमच्या जिल्ह्यात चिखली म्हटलं की घाटावरची तालुक्याची चिखली, दुसरी कोणती? माझा एक मित्र बरेच दिवस खुशीत होता की चला, चिखलीपर्यंत चौपदरी होतोय, मावशीकडे जायला बरं. ती ही चिखली नव्हती. ती मुक्ताईनगरच्या बाजूची, खानदेशातली. मावशी बिचारी घाटावर वाट पाहत राहिली. आता मुक्ताईनगर म्हणाल तर जुन्या माणसांच्या तोंडी अजून एदलाबाद. त्यातून २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. नावं बदलावीत की नाही हा या सदराचा विषय नाही, त्यासाठी गावात दुसरे लोक आहेत. पण जुन्या नावावर नवी पट्टी चिकटवली की दोन पावसाळ्यांत तिचा कोपरा सुटतो आणि मग पाटीवर अर्धं जुनं, अर्धं नवं असं तिसरंच गाव तयार होतं. अशा गावाला जायचा रस्ता फ्रान्सवाल्यांच्या 'इतर दिशा'मध्येच असणार.

आणि खुद्द मलकापूर! महाराष्ट्रात मलकापूर एक नाही. एक आम्ही, विदर्भाच्या वेशीवरचं, भुसावळ-नागपूर रेल्वेमार्गावरचं. एक कराडला खेटून. एक कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्यात. एक अकोल्याच्या पोटात. जावयांचे एक मित्र पुण्याहून आमच्याकडे पूजेला यायला निघाले. फोनमध्ये 'मलकापूर' टाकलं आणि त्या बाईच्या आवाजावर विश्वास ठेवून दक्षिणेला सुटले. दुपारी फोन आला, "काका, आलो मलकापुरात. कोयना पुलापाशी आहे, पुढे कसं येऊ?" मी म्हटलं, बाबा, आमच्या नदीचं नाव नळगंगा. तू कराडला जेवून घे. मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, न्यू जर्सीत वॉशिंग्टन टाउनशिप नावाची एकाहून जास्त गावं आहेत. हे ऐकून मला त्या राज्याबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

भाषेचंही एक आहे. आमच्या बोलण्यात टोल, बायपास, पार्किंग, ब्रेकर. पाटीवर पथकर, वळणमार्ग, वाहनतळ, गतिरोधक. शब्द चांगले आहेत, तक्रार नाही. पण 'पुढे गतिरोधक आहे' हे वाचून होईपर्यंत ब्रेकर मागे गेलेला असतो आणि मागच्या सीटवरची आई छतापर्यंत जाऊन आलेली असते. काही ठिकाणी तर ती पाटी ब्रेकरच्या पलीकडे आहे. बहुधा झालं ते काय होतं, याची माहिती म्हणून लावली असावी. त्यापेक्षा जुनी 'वाहने सावकाश हाका' मला जास्त प्रिय आहे. हाका! बैलगाडीच्या काळातलं क्रियापद अजून नोकरीवर आहे. एकशेवीसच्या वेगानं जाणाऱ्या गाडीलाही पाटी सांगते की हाक बाबा, कासरा ढिला सोडू नकोस. निवृत्तीचं वय उलटून गेलेला एवढा इमानदार शब्द दुसरा दाखवा.

वाचली जाते अशी आपल्याकडे एकच पाटी होती, ट्रकच्या पाठीवरची. 'हॉर्न ओके प्लीज'. अर्थ कुणालाच नीट सांगता येत नाही, पण ती वाचून प्रत्येक जण हॉर्न वाजवायचा. २०१५ साली राज्याच्या परिवहन आयुक्तांनी ती रंगवायला बंदी घातली. लोक पाटीवरचं ऐकतात, अशी तक्रार महाराष्ट्रात बहुतेक तेवढी एकच झाली असावी.

रस्ते आम्ही वाईट करतो असं नाही हं. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर अमरावती आणि अकोल्याच्या मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनेस बुकात नाव गेलं. आधीचा विक्रम कतारच्या दोह्याचा होता. म्हणजे परदेशाला आम्ही हरवलंय, वऱ्हाडात, भर जूनमध्ये. पाच दिवसांत पंचाहत्तर किलोमीटर रस्ता होऊ शकतो हे जगाला कळलं. आमच्या नाक्यावरच्या पाटीसमोरचा फलक पाच वर्षांत का हलत नाही, हे गिनेसवाल्यांनी विचारलं नाही.

तो फलक म्हणजे वाढदिवसाचा. दिशा दाखवणारी मोठी निळी पाटी आहे, तिच्या बरोबर पुढे. कुणा दादांचा, भाऊंचा, साहेबांचा वाढदिवस असतोच. पंचांगात तिथ्या कमी पडतात एवढे वाढदिवस आमच्याकडे येतात. फलकावर मध्यभागी दादा, डोळ्यांवर गॉगल, एक हात वर करून कुठेतरी दाखवताहेत. भोवती शुभेच्छुकांचे पस्तीस चेहरे. परगावचा माणूस लांबून येतो, बाणाच्या जागी त्याला दादांचं बोट दिसतं. बोट ज्या बाजूला आहे तिकडे बुऱ्हाणपूर लागतं. दादांना त्यातलं काही ठाऊक नाही, त्यांनी फक्त फोटोसाठी हात वर केला होता. मागच्या महिन्यात फलक बदलला, दुसरे दादा आले. त्यांनी दोन्ही हात जोडलेत. तेव्हापासून दिशेचा गोंधळ तरी कमी झाला.

परवा संध्याकाळी त्याच फलकाखाली चहा घेत उभा होतो. एक पांढरी गाडी येऊन थांबली. पाटी बाहेरच्या राज्याची, काच खाली, आत घामेजलेलं कुटुंब. चालवणाऱ्यानं वर पाहिलं, दादांचे जोडलेले हात पाहिले आणि हताश होऊन मला विचारलं, "काका, शेगाव किधर से?"

मला भरून आलं. न्यू जर्सीतल्या चौकात उभा असलेला मी मला दिसलो. म्हटलं याला असा रस्ता सांगतो की जन्मभर नाव काढेल. कप खाली ठेवला, खिडकीशी गेलो.

"एकदम सीधा जाव," मी म्हणालो, "आगे पुरानी टॉकीज थी ना, वहाँ से मत मुडना. उसके बाद जहाँ बडा इमली का पेड था, वहाँ से भी नहीं. फिर नांदुरा आयेगा, वो एक सौ पाँच फुट के हनुमानजी दिखेंगे. वहाँ से किसीको भी पूछ लेना."

"टॉकीज कौनसी, काका?"

"अब नहीं है. गिरा दी."

"और वो पेड?"

"वो तो रोड में गया."

त्यानं मान हलवली, धन्यवाद म्हणाला, काच वर केली आणि निघाला. मी चहावाल्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं आणि आणखी एक अर्धा सांगितला. तो संपतो न संपतो तोच ती पांढरी गाडी समोरच्या बाजूनं परत आली, आमच्यापासून वीस फुटांवर थांबली, आणि त्यानं पानवाल्याला हाक मारली.